टोपीखालचा डाग

माण-खटावपासून जतपर्यंत जुन्या माणसांची टोपी उतरते ती झोपताना, नाहीतर न्हाव्यापुढे. त्यामुळे टाळूवरचा जांभळट डाग घरच्यांआधी न्हाव्याला दिसू शकतो. ‘कुठेतरी आपटलं असेल’ म्हटले की विषय संपतो. पण मुका मार रंग बदलतो. काळानिळा, हिरवट, पिवळा होत दोन-तीन आठवड्यांत विरतो. जो विरत नाही, उलट पसरतो, ज्यावर गाठी उठतात, जरा खरचटताच रक्त येते, तो डाग अँजिओसार्कोमा असू शकतो.

हा कर्करोग रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींचा. अगदी दुर्मिळ, पण आक्रमक. त्वचेवर तो बहुधा उतारवयात, डोक्यावर किंवा चेहऱ्यावर होतो. बिघडलेल्या पेशी आपला पिढीजात धंदा सोडत नाहीत. वेड्यावाकड्या, एकमेकींत शिरलेल्या वाहिन्या बांधतच राहतात. त्यांत रक्त साठते, झिरपते, म्हणून तो माराच्या डागासारखा दिसतो. डोके हृदयाच्या पातळीखाली वाकवल्यावर काही रुग्णांचा डाग गडद होऊन फुगतो. ही बिनखर्चाची युक्ती, पण तिने संशय बळावतो, निदान होत नाही.

निदान डागाचा तुकडा तपासूनच. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही; कराडचे कृष्णा रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. उपचारासाठी टाटा रुग्णालयात जावे लागले, तरी हातात अहवाल असलेला बरा. डोळ्यांना दिसतो त्याहून रोग दूर पोचलेला असतो, म्हणून डागाच्या कडेपलीकडचेही तुकडे घेतात. पेशी रक्तवाहिनीच्याच आहेत का, हे सीडी31 आणि ईआरजी या खुणांच्या रंगतपासणीत कळते. दिसायला जवळचा कापोसी सार्कोमा एचएचव्ही-8 विषाणूच्या खुणेने वेगळा काढता येतो.

या रोगाची दुसरी वाट स्त्रियांच्या वाट्याला येते. स्ट्युअर्ट आणि ट्रीव्ह्ज या डॉक्टरांनी 1948 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे सुजलेल्या हातावर हा रोग झालेल्या 6 जणींची नोंद केली. किरणोपचार घेतलेल्या छातीच्या त्वचेवरही तो काही वर्षांनी उगवतो. बांगडी चढत नाही इतक्या सुजलेल्या हातावर जांभळा ठिपका आला, तर बाई जुन्या कर्करोगाचा विषय काढेलच असे नाही. तो तर ‘बरा झालेला’ असतो. तेव्हा विचारायचे डॉक्टरांनीच, आणि उत्तर तुकड्यासोबतच्या कागदावर लिहायचे. किरणोपचार झालेत हे कळले, तर प्रयोगशाळा एमवायसी जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का तेही पाहते. किरणांमुळे त्वचेत झालेला साधा बदल आणि अँजिओसार्कोमा यांतला फरक बऱ्याचदा तिथेच उलगडतो.