भार स्प्रिंगचा, नाव मोटरचे

अमेरिकेच्या उपनगरांतील बहुतेक घरांना एक दर्शनी दरवाजा असतो आणि एक वापरातला. दर्शनी दरवाजा पाहुण्यांसाठी आणि घरपोच येणाऱ्या खोक्यांसाठी राखलेला असतो, तर घरातली माणसे रोज ज्या वाटेने ये-जा करतात ती वाट गॅरेजमधून जाते. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही चपलांचे स्टँड बहुधा गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराशीच दिसते, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी दाखवावे लागते ते त्या दाराजवळच्या भिंतीवरचे बटण. ते दाबताच सुमारे १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच दरवाजा घडी उलगडल्यासारखा वर सरकतो आणि छताखाली आडवा होतो. हे काम करणाऱ्या यंत्राला ‘गॅरेज डोअर ओपनर’ म्हणतात. घरातली सर्वांत मोठी हलती वस्तू त्याच्या हुकमतीत असते, तरीही त्याची निवड बहुतांशी खोक्यावर ठळक छापलेल्या अश्वशक्तीच्या आकड्यावरून होते, आणि पहिली चूक तेथेच होते.

आडव्या पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडून त्यांच्या कडांच्या चाकांना दोन्ही बाजूंच्या रुळांत धावू देणारा, वर सरकणारा दरवाजा सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये तयार केला आणि १९२६ मध्ये त्याला विजेवर चालणाऱ्या ओपनरची जोड दिली. अशा दोन गाड्यांच्या पोलादी दरवाजाचे वजन साधारणपणे १५० ते २०० पौंड, म्हणजे ७० ते ९० किलो भरते. लाकडी दरवाजा त्याहून बराच जड असतो. हे वजन मोटर उचलते असा सार्वत्रिक समज आहे, परंतु तो खरा नाही. आपल्याकडे दुकानदार सकाळी कुलूप काढून भलेमोठे लोखंडी शटर एका झटक्यात वर ढकलतो, ते त्याच्या दंडातल्या बळावर नव्हे, तर वरच्या पिंपात गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या बळावर. गॅरेजच्या दरवाजाचे तत्त्वही तेच आहे. दरवाजाच्या चौकटीवर एक आडवा दांडा असतो, त्यावर पीळ घेणारी जाड स्प्रिंग चढवलेली असते आणि दांड्याच्या दोन्ही टोकांच्या चाकांवरून पोलादी तारा दरवाजाच्या खालच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. दरवाजा खाली येताना या स्प्रिंगला, जिला टॉर्शन स्प्रिंग म्हणतात, पीळ बसतो आणि वर जाताना तो पीळ सुटत वजन पेलतो; त्यामुळे नीट तोललेला दरवाजा एका हातानेही उचलता येतो. ओपनर करतो ते एवढेच की तोललेल्या दरवाजाला तो गती देतो, योग्य जागी थांबवतो आणि बंद स्थितीत धरून ठेवतो.

म्हणून ओपनर विकत घेण्यापूर्वी दरवाजा तपासावा, हा क्रम सोडून चालत नाही. दरवाजा पूर्ण बंद असताना ओपनरच्या रुळावरून लोंबणारी लाल मुठीची दोरी ओढली की दरवाजा यंत्रापासून सुटा होतो. मग तो हाताने कमरेइतका वर उचलून सावकाश हात सैल केल्यावर तो तेथेच थांबला तर तोल ठीक आहे, आणि खाली बसू लागला किंवा वर पळू लागला तर दोष स्प्रिंगमध्ये आहे. ही चाचणी दरवाजा उघडा असताना मात्र करू नये, कारण स्प्रिंग तुटलेली असल्यास सारे वजन एकदम खाली येते. सर्वसाधारण स्प्रिंगचे आयुष्य १०,००० फेऱ्यांचे धरतात, आणि एकदा उघडून बंद होणे म्हणजे एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या होणाऱ्या घरात हा हिशेब सात वर्षांच्या आतच संपतो. थकलेल्या स्प्रिंगवर जास्त अश्वशक्तीची मोटर बसवणे म्हणजे पाय मुरगळलेल्या बैलाला चाबूक मारण्यासारखे आहे: गाडी थोडी पुढे जाते, पण यंत्रातले नायलॉनचे दातेरी चाक झिजत जाते आणि एके दिवशी मोटर नुसतीच घुमत राहते. स्प्रिंग बदलणे हे मात्र घरच्या घरी करण्याचे काम नव्हे. तिच्यात साठलेला पीळ हात मोडण्याइतका प्रबळ असतो आणि तेथे प्रशिक्षित कारागीरच हवा.

दरवाजा तोललेला असेल तर नेहमीच्या आकाराला अर्धी अश्वशक्ती पुरते, आणि जड लाकडी किंवा उष्णतारोधक दरवाजाला पाऊण अश्वशक्ती किंवा अधिक घ्यावी. त्यानंतरचा खरा प्रश्न आवाजाचा असतो, कारण अमेरिकी घरांत गॅरेजच्या डोक्यावर अनेकदा झोपायची खोली असते आणि यंत्र ज्या तुळयांना टांगलेले असते त्याच तुळयांवर त्या खोलीची जमीन असते. सायकलच्या साखळीसारख्या चेनने ओढणारे यंत्र सर्वांत स्वस्त आणि दणकट, पण त्याची खडखड वरच्या खोलीत पलंगापर्यंत पोहोचते. रबरी पट्ट्याने ओढणारे बेल्टचे यंत्र थोडे महाग, पण बरेच शांत असते. आटे पाडलेल्या लांब गजावर चालणारा स्क्रूचा प्रकारही आहे, पण वरील दोन पर्याय असताना तो मुद्दाम शोधण्याचे कारण नाही. चौथा प्रकार छताला टांगायचा नसून दरवाजाशेजारी भिंतीवर बसवायचा असतो आणि तो स्प्रिंगचा दांडाच थेट फिरवतो. त्यामुळे छत मोकळे राहते, सामान ठेवायला माळा करता येतो आणि फार उंच किंवा उतरत्या छताखालीही अडचण येत नाही, मात्र दरवाजाला दांड्यावरची टॉर्शन स्प्रिंगच असावी लागते. गॅरेज घरापासून सुटे असेल तर चेन घेऊन पैसे वाचवावेत, आणि वर कोणी झोपत असेल तर बेल्टवर थोडे डॉलर जास्त खर्चण्यात मागेपुढे पाहू नये.

मोटर एसी घ्यावी की डीसी, या प्रश्नाला अलीकडे फारसे दोन पक्ष उरलेले नाहीत. डीसी मोटर हळू सुरू होते आणि हळू थांबते, त्यामुळे दरवाजाला धक्का बसत नाही, आणि तिला बॅटरीची जोड देणे सोपे जाते. बॅटरीचे महत्त्व ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात लागलेल्या वणव्यांनी दाखवून दिले: रात्री वीज गेली, आणि लाल दोरी ओढून दरवाजा हाताने उचलणे ज्यांना जमले नाही अशा रहिवाशांच्या गाड्या गॅरेजमध्येच अडकल्या. या घटनेनंतर त्या राज्याने २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून घरासाठीच्या नव्या ओपनरला बॅटरीची सोय सक्तीची केली. इतर राज्यांत सक्ती नसली तरी ज्या घरात वृद्ध माणसे दुपारी एकटी असतात तेथे ही सोय चैनीत मोजू नये. त्यांना लाल दोरीचा उपयोग एकदा प्रत्यक्ष करून दाखवणेही तितकेच आवश्यक आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र निवड ग्राहकावर सोडलेली नाही. खाली येणाऱ्या दरवाजाखाली सापडून लहान मुले दगावू लागली तेव्हा अमेरिकी काँग्रेसने १९९० मध्ये कायदा केला, आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला अडथळा ओळखून उलट फिरण्याची व्यवस्था बंधनकारक झाली. या व्यवस्थेचे दोन भाग आहेत: दरवाजा एखाद्या वस्तूवर टेकला तर यंत्राने दोन सेकंदांच्या आत उलट फिरावे, आणि त्याशिवाय दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच नाही अशा जागी, दोन ‘डोळे’ असावेत, ज्यांच्यामधला अदृश्य किरण तुटताच खाली येणारा दरवाजा माघारी जातो. रिमोटने दरवाजा बंद होत नाही, पण भिंतीवरचे बटण दाबून धरले की होतो, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. तिचे कारण बहुधा या डोळ्यांवरचे कोळ्याचे जाळे, वाळके पान, मुलाच्या सायकलचा धक्का किंवा मावळतीचे थेट ऊन हेच असते. या कटकटीला कंटाळून दोन्ही डोळे काढून समोरासमोर छताजवळ चिकटवण्याची एक युक्ती प्रचलित आहे. ती करणाऱ्याने घरातले सर्वांत धोकादायक यंत्र पुन्हा १९८०च्या दशकात नेऊन ठेवलेले असते. भिंतीवरचे बटणही लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा, किमान पाच फूट उंचीवर असावे लागते.

चोराच्या दृष्टीने पाहिले तर हे यंत्र म्हणजे रेडिओवर चालणारे कुलूप आहे. जुन्या रिमोटमध्ये आठ ते बारा छोट्या खटक्यांची रांग असे आणि प्रत्येक खटका वर किंवा खाली ठेवून सांकेतिक अंक ठरवला जाई. बारा खटक्यांचे फक्त ४,०९६ संकेत होतात आणि ते कायम राहतात. ते एकामागून एक पाठवायचे तर, प्रत्येक खटक्याची एक खूण याप्रमाणे, ४९,१५२ खुणा लागतात, परंतु संकेत पकडणारी पुष्कळ जुनी यंत्रे तो कोठे सुरू झाला हे पाहत नाहीत, केवळ शेवटच्या बारा खुणा जुळतात का एवढेच पाहतात, त्यामुळे संकेत एकमेकांत गुंफून ४,१०७ खुणांत काम भागते. ही गुंफण मराठी वाचकाला वृत्तांच्या अभ्यासातून माहीत आहे. ‘यमाताराजभानसलगम्’ या दहा अक्षरांत कोठूनही सलग तीन अक्षरे घेतली की लघु-गुरूंचा एक गण मिळतो आणि आठही गण एकेकदाच येतात, एरवी त्यांना चोवीस अक्षरे लागली असती. गणितात याच रचनेला डच गणितज्ञ डी ब्रॉइन यांचे नाव मिळाले आहे. २०१५ मध्ये सॅमी कामकार या संगणक-सुरक्षा संशोधकाने निरोप पाठवण्याच्या एका जुन्या खेळण्यात फेरबदल करून, हाच उपाय वापरून, कायम संकेताचे दरवाजे दहा सेकंदांच्या आत उघडता येतात हे दाखवले. यावरचा उतारा म्हणजे ‘रोलिंग कोड’, ज्यात दर वेळी बटण दाबल्यावर संकेत बदलतो आणि वापरलेला संकेत पुन्हा चालत नाही. नव्या यंत्रांत तो असतोच, पण जुने यंत्र असलेले घर विकत घेताना रिमोटचे झाकण काढून आत खटक्यांची रांग आहे का हे पाहावे. अर्थात गाडीच्या आरशाजवळ अडकवलेला रिमोट रात्रभर रस्त्यावर उभ्या गाडीत राहणार असेल तर कोणताही संकेत उपयोगाचा नाही. म्हणून गॅरेज आणि घर यांच्यामधल्या दाराला कुलूप लावण्याची सवय हवी.

फोनवरून दरवाजा उघडण्याची वाय-फायची सोय अलीकडे बहुतेक ओपनरमध्ये आढळते. ‘दरवाजा उघडा राहिला का’ या प्रश्नाचे उत्तर कचेरीत बसून मिळणे हा तिचा खरा लाभ आहे, आणि दुरून बंद होणारा दरवाजा हलण्यापूर्वी काही सेकंद दिवा लुकलुकवून आणि भोंगा वाजवून इशारा देतो. मात्र ही सोय कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते, तेव्हा केवळ तिच्यासाठी महाग यंत्र घेऊ नये. आणखी एक साधी बाब: ओपनरमध्ये लावलेला हलका एलईडी दिवा रेडिओलहरींत अडथळा आणतो, आणि रिमोट अगदी जवळ आल्याशिवाय चालत नसेल तर कारागिराला बोलावण्यापूर्वी तो दिवा काढून पाहावा.

यंत्र बसवून झाल्यावर, आणि नंतर महिन्यातून एकदा, दीड इंच जाडीची लाकडी पट्टी दरवाजाच्या मध्यभागी जमिनीवर आडवी ठेवून दरवाजा खाली सोडावा. पट्टीवर टेकताच तो माघारी गेला पाहिजे. न गेल्यास दुरुस्ती होईपर्यंत दोरी ओढून दरवाजा हातानेच वापरावा, आणि यंत्र १९९३ पूर्वीचे, डोळे नसलेले असेल तर ते उत्तम चालत असले तरी दुरुस्त न करता काढून टाकावे.