एकट्याचा पडदा

५ जून २०२३ रोजी ॲपल कंपनीने ‘व्हिजन प्रो’ हे डोळ्यांवर चढवावयाचे आभासी वास्तवाचे उपकरण जाहीर केले. किंमत ३,४९९ डॉलर. ज्या पत्रकारांना ते प्रथम हाताळावयास मिळाले, त्यांनी चित्राच्या स्पष्टतेची वाहवा केली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र निराळाच प्रश्न पडतो. एकेकाळी चाळीत एका घरी दूरदर्शन संच आला, की अवघी चाळ त्यापुढे बसे; खर्च एकाचा, लाभ अनेकांचा. हे उपकरण एकाच चेहऱ्याच्या मापाने बसते. शेजाऱ्याला दिसतात ती बाहेरील काचेवर उमटलेली, वापरणाऱ्याच्या डोळ्यांची चित्रे! महाग वस्तू कालांतराने स्वस्त होतात, हे खरे. परंतु जी एका वेळी एकाच्याच डोळ्यांवर चढते, ती वस्तू स्वस्त झाली, तर घराघरांत माणसे एकेकटी बसतील. त्या तोट्याचा हिशेब कोणत्या ताळेबंदात मांडावयाचा?