तीव्र आम्ल म्हणजे नेमकं किती तीव्र?

दशांश मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तेवढंच दशांश मोलर अ‍ॅसेटिक आम्ल घ्या. दोन्ही उदासीन करायला सोडियम हायड्रॉक्साइड अगदी सारखंच लागतं. ब्युरेटवरचा आकडा दोघांत फरक करत नाही. सामू (pH) मात्र पहिल्याचा 1 आणि दुसऱ्याचा साधारण 2.9 भरतो. कारण हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात पडताच आपला प्रोटॉन सोडून देतात, तर अ‍ॅसेटिकच्या शंभरांपैकी जेमतेम एक. उरलेले नव्व्याण्णव आम्लारी समोर येईल तसतसे प्रोटॉन सोडतात. साठा किती हा एक प्रश्न, तो सोडण्याची ओढ किती हा दुसरा. माझ्या मते शालेय रसायनशास्त्रात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण ‘विरल’ आणि ‘सौम्य’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

ही ओढ मोजण्याची वाट विजेने दाखवली. 1884 साली स्वांते अऱ्हेनियस यांनी द्रावणांच्या विद्युतवाहकतेवर प्रबंध लिहिला. उप्सालातल्या परीक्षकांना तो फारसा रुचला नाही. रीगातल्या विल्हेल्म ऑस्टवाल्डना मात्र त्याचं मोल तत्काळ कळलं, आणि त्याच वर्षी ते स्वतः उप्सालाला जाऊन अऱ्हेनियसना भेटले. जे आम्ल वीज जास्त वाहून नेतं, तेच अभिक्रियाही जास्त वेगाने घडवतं, हे ऑस्टवाल्डना स्वतःच्या प्रयोगांत दिसत होतं. 1888 मध्ये त्यांनी विचरणाचं, म्हणजे रेणू आयनांत फुटण्याचं, प्रमाण आणि संहती यांना एका समीकरणात बांधलं. त्यातून प्रत्येक आम्लाला स्वतःचा स्थिरांक मिळाला. त्याचंच लॉगॅरिथमी रूप म्हणजे पीकेए. अ‍ॅसेटिक आम्लाचा पीकेए 4.76. हा आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र.

सामू जन्मला तो बिअरच्या कारखान्याने चालवलेल्या प्रयोगशाळेत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर काम करणाऱ्या सोरेन्सेन यांनी 1909 मध्ये ही मोजपट्टी मांडली. पुढे 1934 मध्ये कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी अर्नोल्ड बेकमन यांनी सुटसुटीत सामूमापक तयार केला. रसात घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे तिथे लिटमसचा रंगच उडून जाई. आज आपल्या शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या अहवालात सामूचा रकाना असतो, तो या परंपरेतला.

एवढं झाल्यावरही एक अडचण उरतेच. पाण्यात हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, परक्लोरिक ही सगळी आम्लं सारखीच तीव्र दिसतात. पाणी सगळ्यांचेच प्रोटॉन हिसकावून घेतं, मग कोण जास्त उदार हे कळणार कसं? प्रोटॉन इतक्या सहज न स्वीकारणाऱ्या निर्जल अ‍ॅसेटिक आम्लात हीच मंडळी ठेवली, की परक्लोरिक पुढे निघून जातं. ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी 1923 मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली व्याख्या इथे उपयोगी पडते: आम्ल प्रोटॉन देतं, पण घेणारा कोण यावर देणं ठरतं. तीव्रतेचा कोणताही आकडा द्रावक सांगितल्याशिवाय पुरा होत नाही.

पाण्याच्या पलीकडचं मोजमाप लुई हॅमेट आणि डेरप यांनी 1932 मध्ये शक्य केलं. अत्यंत दुबळ्या आम्लारिधर्मी रंगद्रव्यांना प्रोटॉन चिकटला की त्यांचा रंग बदलतो, त्यावरून त्यांनी नवी श्रेणी बांधली. तिच्यावर शुद्ध सल्फ्युरिक आम्ल उणे 12 च्या आसपास येतं, आणि त्याहून आम्लधर्मी असणाऱ्यांना महाआम्लं म्हणतात. फ्लुओरोअँटिमनिक आम्ल उणे 20 च्याही खाली जातं. अशाच महाआम्लांत जॉर्ज ओला यांनी कार्बनचे एरवी क्षणभंगुर असणारे धन आयन टिकवून अभ्यासले आणि 1994 चं नोबेल मिळवलं.

तीव्रता आणि दाहकता यांचा मात्र थेट संबंध नाही. कार्बोरेन आम्ल सल्फ्युरिकपेक्षा लाखो पटींनी तीव्र असूनही काचेच्या बाटलीत निवांत राहतं. उलट हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा पीकेए 3.2, म्हणजे पुस्तकी भाषेत ते सौम्य. तरी ते काच खातं, त्वचेतून आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. विरल द्रावणाने भाजल्यास वेदना काही तासांनी सुरू होतात. काचेवर नक्षी कोरणाऱ्यांनी आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवावं, आणि थेंब अंगावर पडला तर वेदनेची वाट न पाहता भरपूर पाण्याने धुवून लगेच रुग्णालय गाठावं.