आगीचा जुना बंब शेतीच्या कामी

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे आम्हां केंदूरकरांस नवे नाही. म्हणून सेवेतून काढलेला आगीचा बंब घेऊन त्यातून पाणी वाहावे, ही कल्पना पुष्कळांस मोहक वाटते. सुमारे ४,५०० लिटरांची टाकी व पंप आयताच मिळतो!

परंतु जन्म कारकुनीत गेल्यामुळे आम्ही आधी कागद पाहतो. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे झालेल्या सरकारी व नगरपालिकांच्या वाहनांची नोंदणी नूतन होत नाही. ती अधिकृत केंद्रात मोडीत काढावी लागतात. सबब अखंड बंबाचा नाद सोडून टाकी व पंप एवढेच पाहावे. शेजारच्या पाबळास, डॉ. कलबाग यांनी १९८३ साली स्थापलेल्या विज्ञान आश्रमात, जीपच्या भागांपासून लहान ट्रॅक्टर तयार झालाच आहे.

पंपाची एक खोड मात्र ध्यानी असावी. तो पाणी जोराने फेकतो, पण सुमारे सात मीटरांहून, म्हणजे पंधरा हातांहून, खोलचे ओढीत नाही. आमच्या विहिरींवर तो वैशाखात मुकाट बसेल. शेततळ्याच्या काठी तो उपयोगी. भरलेल्या टाकीचे पाणीच साडेचार टन भरते, तेव्हा ट्रॉलीचा आस तपासल्याविना ती वर चढवू नये.