योरुबा : एक भाषा, अनेक टोमणे

(द्वितीय वर्ष, कला)

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशाच्या नैऋत्य भागात इलेशा नावाचे एक जुने शहर आहे. तिथल्या लोकांना इजेशा म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे इजेशा लोक कापडाचे गठ्ठे घेऊन गावोगाव फिरत आणि उधारीवर कापड विकत. वसुलीचा दिवस उजाडला, की विक्रेता देणेकऱ्याच्या दारात हजर! पैसे नाहीत म्हटले तर तो हटत नसे. दारातच उकिडवा बसे आणि सांगे, 'पैसे हातात पडेपर्यंत मी असाच बसून राहणार.' या बोलण्यावरून शेजारच्या गावांनी त्यांना एक नाव ठेवले, 'ओशोमालो'. नाव ठेवले ते चेष्टेने. पण पुढे इजेशा लोकांनी ते अंगावर मिरवले. आपली चिकाटी सांगायची झाली, की ते स्वतःच स्वतःला ओशोमालो म्हणवून घेतात.

हा किस्सा मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वाचला आणि बराच वेळ त्याच पानावर थांबले. त्याचे कारण सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी मराठीच्या तासाला मला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगितला होता. त्यात 'पाणी' हा शब्द आला. मी 'पानी' म्हणाले आणि मागच्या बाकांवरून हसू उठले. आमच्या घरी 'पानी'च म्हणतात, आणि त्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पुढे कित्येक दिवस मी वर्गात तोंड उघडले नाही. गंमत अशी, की आमच्या शेजारच्या गावचे लोक आमच्या बोलीला हसतात आणि आम्ही त्यांच्या बोलीला. पण त्याचे मला कधी वाईट वाटले नव्हते. तेच हसू एके ठिकाणी गोड आणि दुसऱ्या ठिकाणी विषारी का होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला योरुबा लोकांचा इतिहास फार उपयोगी पडला. म्हणून हा लेखनप्रपंच.

भाषा कशी आहे?

योरुबा भाषा प्रामुख्याने नैऋत्य नायजेरियात आणि त्याला लागून असलेल्या बेनिन व टोगो या देशांत बोलली जाते. बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींच्या पुढे आहे. या भाषेचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे सूर. उच्च, मध्यम आणि नीच असे तीन सूर तिच्यात आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. 'ओको' हा एकच शब्द घ्या. दोन्ही अक्षरे मध्यम सुरात म्हटली तर अर्थ 'नवरा'. दुसरे अक्षर उंच सुरात नेले तर 'कुदळ'. तेच खाली आणले तर 'होडी' किंवा 'वाहन'. आणि दोन्ही अक्षरे खालच्या सुरात म्हटली तर 'भाला'! तेव्हा परक्या माणसाने योरुबा बोलताना जपूनच बोललेले बरे.

भाषा सुरांची असल्यामुळे तिथे ढोलसुद्धा बोलतो. डमरूच्या आकाराचा 'दुंदुन' नावाचा एक ढोल आहे. काखेत धरून त्याच्या दोऱ्या दाबल्या की आवाज वरखाली होतो आणि त्यातून वाक्यांचे सूर काढता येतात. वाजवणारा त्यावर पाहुण्याची स्तुती करतो आणि मनात आले तर त्याला टोमणाही मारतो.

दुसरे वैशिष्ट्य नमस्काराचे. योरुबा माणूस प्रत्येक प्रसंगाला वेगळा नमस्कार करतो आणि त्यातले बहुतेक 'ए कू' या शब्दांनी सुरू होतात. काम करणाऱ्याला 'ए कू इशे', बसलेल्याला 'ए कू इजोको', सकाळी भेटलेल्याला 'ए कू आरो'. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने गुलामांची जहाजे पकडून त्यांतील माणसांना सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे सोडले. त्यांत योरुबा बोलणारे पुष्कळ होते. सारखे 'ए कू, ए कू' म्हणतात म्हणून तिथल्या लोकांनी त्यांचे नावच 'आकू' ठेवले.

नाव दुसऱ्यांनी दिलेले

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते 'योरुबा' या नावाचे. दोनशे वर्षांपूर्वी या लोकांतला कोणीही स्वतःला योरुबा म्हणत नव्हता. कोणी ओयोचा होता, कोणी इजेबू, कोणी एग्बा, कोणी इजेशा, कोणी एकिटी. 'योरुबा' हे उत्तरेकडच्या हौसा लोकांनी मुख्यतः ओयो राज्यातील लोकांना दिलेले नाव. मिशनऱ्यांनी ते सरसकट सर्वांना लावले. १८५४ साली कोएले नावाच्या भाषाभ्यासक मिशनऱ्याने, हे नाव सर्वांना लावणे चूक आहे, अशी तक्रारही केली होती. पण नाव रुजले ते रुजलेच.

ते रुजवण्यात ज्याचा मोठा वाटा, त्या माणसाची कथा कादंबरीसारखी आहे. सॅम्युएल अजयी क्राउथर हा ओसोगुन गावचा मुलगा. १८२१ साली गावावर धाड पडली आणि बारा-तेरा वर्षांचा अजयी गुलाम म्हणून विकला गेला. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या ज्या जहाजात तो होता ते १८२२ मध्ये इंग्रजी आरमाराने पकडले आणि तो फ्रीटाउनला पोहोचला. तिथे तो शिकला, ख्रिस्ती झाला, १८४३ मध्ये धर्मोपदेशक झाला, आणि त्याच वर्षी त्याचा योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. १८६४ मध्ये तो अँग्लिकन पंथाचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. बायबलच्या योरुबा भाषांतरात त्याचा मुख्य हात होता. ओयोकडच्या बोलीला एग्बा व लागोसकडच्या बोलींची जोड मिळून जी लेखी भाषा तयार झाली, तीच पुढे शाळेची आणि वर्तमानपत्राची भाषा ठरली. १८५९ मध्ये अबेओकुटा येथे मिशनऱ्यांनी योरुबा भाषेत 'इवे इरोहिन' हे वर्तमानपत्रही सुरू केले.

म्हणजे घरादारातून उचलून विकल्या गेलेल्या मुलाने आपल्या भाषेला घर बांधून दिले. पण घर झाले तरी भावंडांची भांडणे कुठे संपतात?

टोमण्यांच्या पोटात इतिहास

योरुबा लोकांत एकमेकांना चिडवण्याची रीत जुनी आहे. 'ओरिकी' नावाचे त्यांचे मौखिक स्तुतिकाव्य असते. माणसाचे, कुळाचे, गावाचे ओरिकी असते. त्यात केवळ गुणगान नसते. एखादी फजिती, एखादी खोडही गुंफलेली असते, आणि ज्याचे ओरिकी त्याला ती ऐकून अभिमानच वाटतो. गावोगावचे टोमणे याच मुशीतले आहेत.

इजेबू माणूस पैशाला घट्ट, असे इतर सर्व म्हणतात. याचे मूळ भूगोलात आहे. समुद्रकाठचे लागोस आणि आतला मुलूख यांच्या मध्ये इजेबूंचा प्रदेश. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्या मालावर त्यांची पकड होती आणि परक्याला ते सहसा आपल्या हद्दीतून जाऊ देत नसत. १८९२ मध्ये इंग्रजांनी फौज पाठवून त्यांचा पराभव केला तेव्हा ही वाट उघडली. वाट उघडली, टोमणा मात्र राहिला.

इबादानकरांना भांडखोर म्हणतात. हे शहर १८२९ च्या सुमारास लष्कराच्या छावणीतून उभे राहिले. ओयोचे साम्राज्य कोसळत होते आणि ठिकठिकाणचे योद्धे इथे येऊन राहिले होते. इबादानकर 'श'चा 'स' करतो यावरही विनोद आहेत. 'इशू' म्हणजे याम हा कंद. तो त्याला 'इसू' म्हणतो. हे वाचून मला माझा 'पानी' आठवला हे सांगायला नकोच.

एकिटी लोक हट्टी, असे म्हणतात. इबादानने एकिटी आणि इजेशा गावांवर 'अजेले' नावाचे कारभारी नेमले होते. त्यांच्या जुलमाला कंटाळून ही गावे एकत्र आली आणि १८७७ मध्ये युद्ध पेटले. तोफांच्या आवाजावरून त्याला 'किरीजी' युद्ध म्हणतात. १८८६ मध्ये तह झाला, तरी सैन्ये पुरती मागे फिरली ती १८९३ मध्ये. सोळा वर्षे! तेव्हा आज ज्या लोकांना आपण एका नावाने ओळखतो, ते त्या काळी एकमेकांवर तोफा डागत होते. या तहाच्या वाटाघाटींत खपलेल्या रेव्हरंड सॅम्युएल जॉन्सन यांनी पुढे योरुबांचा मोठा इतिहास लिहिला. १८९७ मध्ये तो पुरा झाला. पण हस्तलिखित इंग्लंडमधील प्रकाशकाकडे गहाळ झाले. जॉन्सन १९०१ मध्ये वारले. त्यांच्या भावाने टिपणांवरून तो पुन्हा लिहून काढला आणि १९२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात ओयोला झुकते माप आहे अशी इतरांची तक्रार झाली आणि गावोगावच्या लेखकांनी आपापले इतिहास लिहिले.

मूळपुरुषावरूनही वाद आहे. योरुबांच्या कथेप्रमाणे ओदुदुवा हा आदिपुरुष इफे येथे साखळीने आकाशातून उतरला. त्याने पाण्यावर माती टाकली आणि पाच बोटांच्या कोंबडीने ती पसरून जमीन केली. त्याचा वंशज ओरानमियान याने नायजेरियातीलच बेनिन शहरात राजघराणे स्थापले असे इफेवाले म्हणतात. बेनिनवाल्यांना हे मान्य नाही. २००४ मध्ये बेनिनच्या राजाने आपल्या आठवणींत उलट सांगितले, की ओदुदुवा हाच बेनिनमधून गेलेला राजपुत्र होता. थोडक्यात, बाप कोण आणि लेक कोण याचा निकाल अजून लागायचा आहे.

थट्टेतून कोयत्याकडे

इथवर सारे मजेचे वाटते. आता दुसरी बाजू पाहू. नायजर नदीच्या पूर्वेला इग्बो लोक राहतात. १९१४ मध्ये इंग्रजांनी उत्तर व दक्षिण नायजेरिया एकत्र केले आणि शिक्षण व नोकरीसाठी अनेक इग्बो लागोसला आले. योरुबा बोलण्यात 'जेव्हा' या अर्थाचा 'निग्बाती' हा शब्द वारंवार येतो, म्हणून इग्बो त्यांना 'न्ग्बाती' म्हणून चिडवू लागले. म्हणजे 'आकू'सारखेच बोलण्यावरून पडलेले नाव. पण या वेळी पाठीमागे स्पर्धा होती. इंग्रज जाणार हे दिसू लागले होते. मग खुर्ची कोणाची?

१९४५ मध्ये लंडनला ओबाफेमी अवोलोवो आदी मंडळींनी 'एग्बे ओमो ओदुदुवा', म्हणजे ओदुदुवाच्या लेकरांचा संघ स्थापन केला. १९४८ मध्ये इफे येथे त्याचे रीतसर उद्घाटन झाले. इग्बो नेते न्नामदी अझिकिवे यांचे 'वेस्ट आफ्रिकन पायलट' आणि योरुबांच्या बाजूचे 'डेली सर्व्हिस' या दोन वर्तमानपत्रांत त्याच वर्षी अशी जुंपली, की दोन्ही बाजूंच्या माथेफिरूंनी लागोसच्या बाजारातले कोयते विकत घेतले. तेव्हा ते चालले नाहीत, पण शब्द कुठवर जातात हे दिसले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९६० मध्ये स्वातंत्र्य, १९६६ मध्ये दोन लष्करी उठाव, उत्तरेत हजारो इग्बोंची कत्तल, आणि १९६७ ते १९७० बियाफ्राचे युद्ध. त्यात मेलेल्यांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. हे युद्ध टोमण्यांमुळे झाले असे मी म्हणत नाही. सत्ता, सैन्य आणि तेल ही त्याची कारणे होती. पण त्यानंतर टोमण्यांची चव पार बदलली. युद्ध संपल्यावर इग्बो खातेदाराच्या बँकेत कितीही रक्कम असो, हातात पडले ते २० पौंड. युद्धकाळात अर्थखाते अवोलोवो यांच्याकडे होते. म्हणून इग्बो घरांतून तो राग योरुबांवर राहिला. २०२३ मध्ये लागोस राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तर इग्बो दिसणाऱ्या मतदारांना धमकावून परत पाठवल्याच्या घटना घडल्या.

आणि हे केवळ परक्यांशीच होते असे नाही. १९६२ मध्ये अवोलोवो आणि अकिंटोला या दोन योरुबा नेत्यांत फूट पडली आणि विधानसभेत खुर्च्या फेकल्या गेल्या. एक इजेबूकडचा, दुसरा ओयोकडच्या ओग्बोमोशोचा. जुने टोमणे लगेच कामाला आले. १९६४ मध्ये नाटककार ह्युबर्ट ओगुंडे यांनी 'योरुबा रोनू' हे नाटक केले. अर्थ असा, की योरुबांनो, विचार करा. सरकारने त्यांच्या नाटक मंडळीवर बंदी घातली. १९६६ च्या फेब्रुवारीत ती उठवली कर्नल फाजुयी या नव्या लष्करी गव्हर्नरांच्या राजवटीने. हे फाजुयी एकिटी. त्याच वर्षी २९ जुलैला इबादानमध्ये त्यांच्या घरी राष्ट्रप्रमुख जनरल आयरोन्सी पाहुणे होते. आयरोन्सी इग्बो. बंडखोर सैनिक पाहुण्याला न्यायला आले आणि दोघेही मारले गेले. पाहुण्याला एकट्याला नेऊ देणार नाही असे फाजुयी म्हणाले, असे लोक सांगतात. एकिटी माणूस हट्टी असतो, हा टोमणा मला या कथेनंतर फार मोठा वाटू लागला.

शेवटी

मला समजले ते एवढेच. इजेशा आणि इजेबू एकमेकांना चिडवतात तेव्हा दोघांनाही उलट बोलता येते आणि हसून झाले की कोणाचे काही जात नाही. ज्या दिवशी त्या हसण्यावर कोणाची नोकरी, कोणाचे मत, कोणाची जागा अवलंबून राहते, त्या दिवशी ती थट्टा राहत नाही. शेजारच्या गावाच्या हसण्याला मी उत्तर देत होते. वर्गातल्या हसण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी इथे बसायला लायक आहे की नाही, हेच जणू त्यातून ठरत होते.

बोलीला हसू नये असे मी म्हणणार नाही. गावाकडे गेले की मीही हसते. फक्त हसण्याआधी समोरच्याला उलट हसता येईल ना, एवढे पाहावे. आणि ज्यांना माझे वाचन पुन्हा ऐकायचे असेल त्यांनी यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेला जरूर यावे. मी नाव दिले आहे. 'पाणी' म्हणेन की 'पानी', ते त्या वेळी जिभेवर येईल तसे.