राखीव फौज (लेखांक ७) : तोफा सलामीला, डोळे लढाईला

राजाचा वाढदिवस असला की दुपारी एक वाजता लंडनच्या टॉवरपाशी, थेम्सच्या काठावर तोफा धडाडू लागतात. दर दहा सेकंदांनी एक, अशा ६२. नेहमीच्या सलामीच्या २१, टॉवर हा राजाचा किल्ला म्हणून २० जादा आणि लंडन शहरातर्फे पुन्हा २१, असा तो हिशेब. १९२४पासून हा मान एकाच पलटणीकडे आहे : ऑनरेबल आर्टिलरी कंपनी. नावात कंपनी असली तरी ही पूर्ण रेजिमेंट आहे आणि तीही राखीव दलातली. तोफांवर उभी असलेली माणसं एरवी बँकेत, वकिलांच्या कचेरीत, संगणकापुढे बसलेली असतात.

आठव्या हेन्रीने २५ ऑगस्ट १५३७ रोजी या मंडळींना सनद दिली, तेव्हा त्यांच्या हातात धनुष्यं आणि हातबंदुका होत्या. १६४१ साली ती फिन्सबरीच्या मैदानावर आली आणि तिथेच राहिली. आज जगातल्या महागड्या व्यापारी वस्त्यांपैकी एकीला लागून हे हिरवं मैदान आहे. (१७८४ साली विन्चेन्झो लुनार्दी याच मैदानावरून बलूनमधून उडाला. सोबत एक कुत्रा, एक मांजर आणि एक कबुतर. मांजर थंडीने गारठलं म्हणून त्याला वाटेत उतरवावं लागलं.) तोफा मात्र फार उशिरा आल्या. १७८० साली कॅथलिकांविरुद्ध भडकलेल्या गॉर्डन दंगलीत कंपनीने बँक ऑफ इंग्लंड राखायला मदत केली. त्याबद्दल शहराच्या महापालिकेने पुढच्या वर्षी दोन पितळी तोफा भेट दिल्या आणि तिथून तिचा तोफखाना सुरू झाला. सनद मिळून तोवर २४४ वर्षं उलटली होती!

पहिल्या महायुद्धात कंपनी पायदळ म्हणूनही लढली आणि तोफखाना म्हणूनही. एप्रिल १९१७मध्ये फ्रान्समधल्या गाव्रेलच्या लढाईत तिच्या दोन अधिकाऱ्यांना, पोलार्ड आणि हेन यांना, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तिची एक रेजिमेंट एल अलामीनला ‘प्रीस्ट’ या स्वयंचलित तोफा घेऊन उतरली. या पराक्रमांवर इंग्रजीत पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मला जास्त रस आहे तो १९७३ सालात.

त्याआधी तोफखान्याची एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्रात नोकरी केलेल्या कुणालाही ती नव्याने सांगावी लागणार नाही. तोफ मागे, डोंगराआड असते आणि गोळा कुठे पडतो ते तोफचीला दिसत नाही. दिसतं ते पुढे लपलेल्या निरीक्षकाला. गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला तर तो रेडिओवर ‘४०० पुढे’ सांगतो. पुढचा पलीकडे गेला की ‘२०० मागे’. असं अंतर निम्म्यानिम्म्याने तोडत नेमका ठिकाणा सापडला की सगळ्या तोफा एकदम सुटतात. निरीक्षक नसेल तर कितीही मोठी तोफ आंधळी.

१९७३ साली ऑनरेबल आर्टिलरी कंपनीला हेच डोळ्यांचं काम मिळालं. वॉर्सा कराराच्या फौजा पश्चिम जर्मनीत घुसल्या तर ब्रिटिश सैन्य लढत मागे सरकणार. कंपनीच्या गस्ती तुकड्या मात्र मागे सरकणार नाहीत. मोजक्या माणसांची तुकडी आधीच जमिनीत खड्डा खणून बसेल. खड्ड्यात धातूचा सांगाडा, त्यावर कापड, कापडावर माती आणि अगदी वर तिथलंच गवत. उपसलेली माती उजाडायच्या आत दूर नेऊन लपवायची, कारण ताज्या मातीचा ढीग दिसला की सगळं उघडं पडणार. आत बसून खायचं, पाळीपाळीने झोपायचं, नैसर्गिक विधीसुद्धा आतच आणि तोही पिशवीत. शत्रूचे रणगाडे आजूबाजूने पुढे निघून जाऊ द्यायचे आणि मग त्यांच्या मागून येणारी राखीव दळं, तोफा, मुख्यालयं यांची खबर रेडिओवर द्यायची. परत कसं यायचं, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर या योजनेत होतं असं मला वाटत नाही.

असलं काम शनिवार-रविवारच्या सैनिकांना का दिलं? माझ्या मते यात सेनेचा व्यवहारीपणा होता. तोफांची अख्खी रेजिमेंट तरबेज ठेवायची तर मोठी मैदानं, भरपूर दारूगोळा आणि रोजचा सराव लागतो. टेहळणी करणाऱ्या तुकडीला लागते ती चिकाटी, नकाशाची जाण आणि दिसेल तेच सांगायची शिस्त. हिशेबाच्या चोपड्या तपासणाऱ्या माणसाकडे यातलं बरंच काही आधीपासून असतं.

प्रत्यक्षात त्या खड्ड्यांतून लढायची वेळ आली नाही. शीतयुद्ध संपलं तरी टेहळणी आणि लक्ष्यशोधन ही कामं कंपनीकडेच राहिली. इराक आणि अफगाणिस्तानातही तिची माणसं जाऊन आली. एरवी मंगळवारी संध्याकाळी कवायत, अधूनमधून शनिवार-रविवार आणि वर्षातून एकदा दोन आठवड्यांचा कॅम्प. ब्रिटनच्या राखीव सैनिकाने वर्षाला साधारण २७ दिवस भरले आणि ठरलेल्या चाचण्या पार केल्या, तर पगाराखेरीज करमुक्त वार्षिक बक्षिसी मिळते. दिवस कमी पडले की ती गेली.

आपल्या प्रादेशिक सेनेतही एके काळी हवाई संरक्षण तोफखान्याच्या तुकड्या होत्या. त्या कशा उभ्या राहिल्या आणि १९७२पर्यंत मागे पायदळच का उरलं, ते पुढच्या लेखांकात.