निधी मंजूर झाला, पण आला का?

ठाण्यातला माजिवडा नाका, कापूरबावडीचा चौक, घोडबंदर रस्त्याचं कुठलंही वळण. एक वाक्य इथे बारा महिने फलकांवर वाचायला मिळतं: अमुक कामासाठी इतक्या कोटींचा निधी मंजूर. वाचणारा सुखावतो. वर्षभराने रस्ता तसाच दिसला की चिडतो आणि म्हणतो, ‘पैसे आले होते, खाल्ले.’ सरकारी कामांत पैसे खाल्ले जात नाहीत, असा दावा इथे कुणी करणार नाही. पण या तक्रारीचा पहिला अर्धा भागच बहुतेक वेळा चुकीचा असतो. पैसे आलेलेच नसतात.

हा गैरसमज इतका घट्ट बसला आहे की सुशिक्षित सोसायट्यांच्या सभांमध्येही ‘मंजूर’ आणि ‘मिळाला’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. गंमत म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही. त्यामुळे नागरिक चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारतात आणि ज्याने उत्तर द्यायचं तो निसटतो.

ज्याने घर घेताना कर्ज काढलं आहे, त्याला हे समजायला अवघड नाही. बँकेचं मंजुरीपत्र हातात आलं, म्हणजे बिल्डरच्या खात्यात रक्कम गेली असं होत नाही. आधी स्वतःचा वाटा भरावा लागतो, कागद तपासले जातात, मग बांधकाम जसं चढेल तसा हप्ता सुटतो. शासकीय अनुदानाचं तंत्र जवळपास हेच आहे. पालिका प्रस्ताव पाठवते. शासन प्रशासकीय मान्यता देते, म्हणजे हे काम इतक्या खर्चाच्या मर्यादेत करायला हरकत नाही, असं सांगते. फलक लागतो तो इथे. त्यानंतर सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि शेवटी देयक. यातली प्रत्येक पायरी काही महिने खाऊ शकते. जागेचा वाद निघाला तर काही वर्षंही.

ठाणे जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. ‘अमृत २.०’ ही पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाची केंद्राची योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. पहिली ‘अमृत’ मुख्यतः एक लाखावरच्या लोकवस्तीच्या शहरांसाठी होती, दुसरी सगळ्या नागरी संस्थांसाठी आहे. पण केंद्र सगळा खर्च देत नाही. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या प्रकल्पाला केंद्राचा वाटा २५ टक्के. अंबरनाथ, बदलापूर एक ते दहा लाखांच्या गटात, म्हणून त्यांना एक तृतीयांश. मुरबाड आणि शहापूर नगरपंचायती एक लाखाच्या आतल्या, त्यांना ५० टक्के. उरलेली रक्कम राज्य आणि स्थानिक संस्थेने मिळून उभी करायची. शिवाय केंद्राचा वाटाही एकरकमी येत नाही: २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो, आणि आधीच्या हप्त्याचा खर्च दाखवल्याशिवाय पुढचा सुटत नाही. फलकावर मात्र शंभर टक्के रक्कम छापलेली असते, पहिल्याच दिवशी.

छोट्या शहरांची खरी अडचण या स्वहिश्श्यात आहे. मुरबाडसारख्या नगरपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजार फी. पगार, दिवाबत्ती आणि कचरा यांतच ते संपतं. टक्केवारी कागदावर सवलतीची दिसते, पण तीही भरण्याची ऐपत नसेल तर मंजूर योजना फायलीतच राहते. याबद्दल ना फलकावर काही असतं, ना भाषणात.

मोठ्या शहरांचीही यातून सुटका नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’साठी झाली. केंद्राकडून शहराला जास्तीत जास्त ५०० कोटी, आणि तितकेच राज्य आणि पालिकेने मिळून घालायचे, असा हिशेब होता. ठाणे आणि मुलुंड यांच्या मधलं नवं रेल्वे स्थानक याच यादीतलं. त्याची जागा मनोरुग्णालयाची. जागेचं प्रकरण उच्च न्यायालयात होतं आणि तिथला अडसर २०२३ मध्ये दूर झाला. मुदतवाढी घेत घेत स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं, तेव्हा त्या स्थानकावर एकही लोकल थांबत नव्हती.

कल्याण-डोंबिवलीचा अनुभव याहून कडू आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून तिथे शहरी गरिबांसाठी घरं मंजूर झाली. पुढे मंजूर घरांची संख्या घटवावी लागली, आणि बांधून झालेली कित्येक घरंही वर्षानुवर्षं लाभार्थ्यांविना पडून राहिली. पालिकेत १९८३ मध्ये आलेली, २००२ मध्ये बाहेर काढलेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतलेली २७ गावंही घ्या. त्यांच्यासाठी ‘अमृत’मधून पाणी योजना मंजूर झाली, तरी पाण्यासाठीचे मोर्चे थांबले नाहीत. मंजुरी खरी होती, पण घरात पाणी पोचवायला ती पुरी पडली नाही.

आणखी एक कडी लोकांच्या नजरेतून सुटते, ती विनियोग प्रमाणपत्राची. मिळालेला पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला, असं लेखी द्यावं लागतं. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत. महालेखापालांच्या महाराष्ट्राच्या वित्तीय अहवालांत थकलेल्या प्रमाणपत्रांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. अशा वेळी शासनाने निधी अडवला म्हणून ओरड होते, पण अडवण्याचं कारण अनेकदा पालिकेच्याच लेखा विभागात पडून असतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

खासदार-आमदार निधी हा त्यांचा पैसा, असं अजूनही मानलं जातं. २३ डिसेंबर १९९३ ला सुरू झालेल्या खासदार निधीत, सध्या वर्षाला पाच कोटी, खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडे. राज्यातल्या आमदारांचा निधीही पाच कोटींचा आणि तोही जिल्हाधिकारी कार्यालयामार्फतच खर्च होतो. दोन्ही रक्कम करदात्यांची.

या निधीतून देवळाचा सभामंडपही होतो, हाही एक समज. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रार्थनास्थळाच्या आवारातलं काम चालत नाही.

खासदार निधी ३१ मार्चला बुडतो, हेही खरं नाही. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरता येते.

माजिवड्यातून जाणारी मेट्रो चार पालिकेच्या अनुदानातून होते, असंही काही जण सांगतात. ते काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं आहे.

अनुदान मिळालं की घरपट्टी वाढवावी लागत नाही, ही तर उलटीच समजूत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातल्या शहरी अनुदानासाठी दोन अटी घातल्या: लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन टाका, आणि मालमत्ता कराचा किमान दर ठरवून वसुली वाढवत न्या. कर वसूल न करणाऱ्या शहराचं अनुदानही अडतं.

जीएसटीपोटी महापालिकांना दरमहा मिळणारी रक्कम ही कृपा नव्हे. जकात आणि स्थानिक संस्था कर गेले, त्याची ती २०१७ च्या राज्य कायद्याने ठरवून दिलेली भरपाई आहे.

आता खात्री कशी करायची? प्रत्येक शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर असतो आणि त्याला स्वतंत्र संकेतांक असतो. फक्त विषयाची ओळ वाचावी. ‘प्रशासकीय मान्यता देण्याबाबत’ असं लिहिलं असेल, तर पैसे निघालेले नाहीत. ‘निधी वितरित करण्याबाबत’ असेल, तर निघाले, आणि किती निघाले तेही खाली लिहिलेलं असतं. दोन्ही निर्णय वेगळे असतात आणि त्यांच्यामध्ये वर्षही जाऊ शकतं. फलकावर निर्णयाचा क्रमांक नसेल तर तो छापायला सांगावा.

त्यापुढचं ठाणेकरांना माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत विचारता येतं, बदलापूरकरांना नगरपरिषदेत. प्रश्न चारच: वितरित रक्कम किती, पालिकेचा स्वहिस्सा भरला का, कार्यादेशाची तारीख कोणती, विनियोग प्रमाणपत्र पाठवलं का. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत लेखी उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक आहे.